पाइप नंतर टाकू

जिल्ह्याच्या कचेरीतून दरवर्षी एक माहितीपुस्तिका निघते. गुळगुळीत कागद, वर पुलाचा फोटो आणि आत जिल्ह्याची आर्थिक ओळख. दगडाच्या खाणी, कौलांच्या भट्ट्या, सिमेंटच्या पाइपांचा भलामोठा कारखाना, दूध. हे सगळं या जिल्ह्यात होतं असं पुस्तिका सांगते, आणि त्यात खोटं काही नाही. फक्त ते जिल्ह्यात राहत नाही, एवढं सांगायचं राहून जातं. दगड बाहेर जातो, कौलं बाहेर जातात, पाइप बाहेर जातात, दूध तर धड उजाडायच्या आत बाहेर पडतं, आणि हातपाय धड असलेली पोरं या सगळ्याच्या पाठोपाठ निघून जातात. मागे उरते ती धूळ. ती मात्र कुणी मागायला येत नाही.

हे सगळं ज्या रस्त्यांवरून बाहेर गेलं, त्यातले बरेचसे रस्ते एकाच माणसाने दाबले होते. तो बांधकाम खात्यात रोलर चालवायचा. गावातली लहानथोर सगळी त्याला रोलरकाका म्हणायची आणि त्याच्या बायकोला काकू. रोलरवर बसून बसून माणसाचा स्वभावही तसाच झालेला. "यांना हाक मारावी आणि भाजी फोडणीला टाकावी," काकू सांगायची, "भाजी शिजते तेव्हा कुठे उत्तर येतं." तो हसायचा. तेसुद्धा जरा वेळाने.

पण कामाला पक्का. बाकीचे ड्रायव्हर साहेबाची पाठ वळली की रोलर सावलीत लावून विडी ओढत बसायचे. हा मात्र ठरलेल्या फेऱ्या झाल्या तरी एक फेरी आपल्या समाधानासाठी मारायचा, मग खाली उतरून रस्त्यावरून तळहात फिरवायचा. घरच्या कुणाच्या डोक्यावरून त्याने कधी असा हात फिरवला नसेल. हे मी म्हणत नाही, काकूच म्हणायची.

आणि अशा या माणसाच्या स्वतःच्या गावाला रस्ता नव्हता. मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर उतरायचं, चपला हातात घ्यायच्या आणि चिखल तुडवत घर गाठायचं. गावातली माणसं टिंगल करायची. "काका, एकदा रोलर घेऊनच घरी या की! नुसते आलात तरी वाट दबून रस्ता होईल." तो हसून सोडून द्यायचा, पण ते त्याच्या जिव्हारी लागायचं. गावचं दूध सायकलींवरून फाट्यापर्यंत जायचं आणि उन्हाळ्यात निम्मं वाटेतच नासायचं. बाई अडली तर तिला खाटेवर घालून न्यायची.

गावात दोन गल्ल्या. वरची गल्ली उंचावर, तिथे दोन पैसे बाळगून असलेली माणसं. काकाचा धाकटा भाऊ तिथेच राहायचा, दूध सोसायटीचा अध्यक्ष झाला होता. खालची गल्ली खोलगट भागात. तिथे काकाचं घर, शेजारी शिंप्याचं, आणि आणखी काही घरं, सगळी कच्च्या विटांची. डोंगरातून येणारा एक नाला खालच्या गल्लीला वळसा घालून जायचा, पुढे गावची वाट आडवी कापायचा आणि नदीला मिळायचा.

काकाचं घर दोघांनी मिळून उभं केलेलं. विटा त्याने थापल्या, भिंती ती दरवर्षी स्वतःच्या हाताने सारवायची. दर पावसाळ्यानंतर ती म्हणायची, "अहो, आता तरी सिमेंटचं बघा." आणि दरवर्षी त्याचं एकच उत्तर. "रस्ता होऊ दे. सिमेंटचा ट्रक दारात येईल. डोक्यावरून पोती वाहून घर बांधायचं का?" बोलणं चुकीचं नव्हतं. पण त्यामुळे घर रस्त्याची वाट बघत राहिलं, आणि रस्ता कुणाची वाट बघत होता देव जाणे.

देवालाही त्रास द्यायला नको, सगळ्यांना माहीत होतं. रस्ता दौऱ्याची वाट बघत होता. या जिल्ह्यात रस्ता माणसं चालतात म्हणून होत नाही, मोठ्या माणसाची गाडी येणार म्हणून होतो. गाडी जिथवर जाते तिथवर डांबर, आणि जिथून मागे वळते तिथे संपतं. उभ्या नोकरीत काकाने असे किती तरी दौऱ्याचे रस्ते दाबले होते. आपल्या गावात मोठा माणूस यावा असं काही घडेल, ही आशा मात्र त्याने सोडली नव्हती.

ते घडलं. धाकट्याने कुठे कुठे खेटे घातले आणि वरच्या गल्लीत दुधाचं शीतकेंद्र मंजूर करून घेतलं. उद्घाटनाला मंत्री येणार. खात्याची धावपळ सुरू झाली, ठेकेदार आला, खडीचे ट्रक आले, आणि एके सकाळी काका स्वतःचा रोलर घेऊन स्वतःच्या गावच्या वाटेवर उतरला. काकू गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि रोलरवर बसून रडणारा माणूस चांगला दिसत नाही.

काम नाल्यापाशी येऊन अडलं. कामावर नवी आलेली एक तरुण इंजिनीअर होती, सगळे तिला मॅडम म्हणायचे. ती म्हणाली, "इथे आधी पाइप टाका. त्याशिवाय भराव टाकायचा नाही."

"पाइप नाहीत, मॅडम," ठेकेदार म्हणाला. "कारखान्यातले सगळे बाहेरच्या कामावर गेलेत. आपला नंबर दौरा झाल्यावर."

"मग दौऱ्यानंतर रस्ता करू."

दौऱ्यानंतर रस्ता, म्हणजे काय ते तिथल्या शेंबड्या पोरालासुद्धा कळत होतं. मॅडम मात्र नवी होती. तिने आजूबाजूला पाहिलं आणि रोलरपाशी आली. "काका, तुम्ही इथलेच ना? पावसाळ्यात इथे पाणी किती येतं?"

त्याला चांगलं माहीत होतं. एका पावसाळ्यात काकूला पाठीवर घेऊन त्याने हाच नाला ओलांडला होता, पाणी कमरेच्या वर होतं आणि ती कानाशी ओरडत होती, "सोडू नका हं, सोडू नका!" ते त्याला त्या क्षणी आठवलंही. पण हा दौरा हुकला तर पुढचा आपण जिवंत असेपर्यंत येणार नाही, हेही त्याला तितकंच माहीत होतं.

"पाणी कसलं, मॅडम?" तो म्हणाला. "नाला म्हणजे नुसता नावाला. कोंबडीसुद्धा पाय न भिजवता पलीकडे जाते."

माणसं हसली. शेजारचा शिंपी तिथेच उभा होता. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यालाही रस्ता हवा होता.

"तरीपण पाइप टाकावाच लागेल," मॅडम म्हणाली, पण आवाजातला जोर गेला होता.

"टाकू की," ठेकेदार म्हणाला. "पाइप नंतर टाकू."

नाल्यात भराव पडला. नवा भराव खचतो म्हणून काकाने तिथे जेवढा रोलर फिरवला तेवढा उभ्या जिल्ह्यात कुठे फिरवला नसेल. पुढे, मागे, पुन्हा पुढे. काम संपल्यावर खाली उतरला, गुडघे टेकून बसला आणि तळहात फिरवला. कुठे खाच नाही, कुठे उंचवटा नाही. आता कुणी टिंगल करून दाखवावी.

मंत्र्यांची गाडी आली, धूळ उडाली, टाळ्या वाजल्या, गाडी गेली. दुसऱ्या दिवशी दुधाचा टँकर आला. मग जे व्हायला हवं होतं ते सगळं झालं, हेही सांगायला हवं. दूध नासायचं थांबलं. शिंप्याला फाट्यापलीकडच्या शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळालं. काकू पहिल्यांदाच गाडीत बसून दवाखान्यात गेली आणि परत येताना मुद्दाम नाल्यापाशी उतरून बाकीचं अंतर चालत आली. "पायाला काही लागतच नाही हो," ती घरी येऊन म्हणाली. "घसरायला होतं." काका त्या दिवशी हाकेसरशी उत्तर देत होता.

"आता सिमेंट," काकू म्हणाली.

"आता सिमेंट," तोही म्हणाला. "हा पावसाळा जाऊ दे."

मॅडम काही पाइपाचं विसरली नव्हती. कारखान्यात रोज फोन करून तिने ते मिळवले आणि एके दिवशी ट्रकमध्ये पाइप आणि मागे मजूर घेऊन हजर झाली. रस्ता आडवा खणायचा, पाइप टाकायचा, पुन्हा बुजवायचा. बातमी लागताच गाव गोळा झालं. धाकटा सगळ्यांत पुढे.

"नवाकोरा रस्ता फोडणार? डोकं ठिकाणावर आहे का?"

"थोड्या दिवसांचं काम आहे," मॅडम म्हणाली.

"आणि तोवर टँकर कुठून येणार? दूध काय गटारात ओतू? आणि बाई, एकदा फोडलेला रस्ता तुमच्या खात्याने आजवर कुठे नीट केलाय, एक तरी जागा दाखवा."

अशी जागा नव्हती. फोडलेले रस्ते गावाने पाहिले होते. त्यातले खड्डे पोरांपेक्षा लवकर मोठे होतात. मजूर कुदळी टेकून उभे राहिले. तेवढ्यात काका आपला रोलर घेऊन सावकाश आला, जिथे खणायचं होतं बरोबर तिथे त्याने तो उभा केला, इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. गावाने टाळ्या वाजवल्या.

मॅडम रोलरपाशी आली. "काका, तुमचं घर कुठल्या गल्लीत?"

"खालच्या."

"मग तुम्हीतरी समजून घ्या. पाणी अडलं तर तुमच्याच दारात येईल."

"मॅडम," तो म्हणाला, "तुमची उद्या बदली होईल. तुम्ही जिथे जाल तिथे रस्ते असतील. मी उभा जन्म या रस्त्याची वाट बघितली. याला कुदळ लागू देणार नाही."

ती म्हणाली, "कोंबडीचं खोटं बोललात ना तुम्ही?" त्याने उत्तर दिलं नाही. या वेळी भाजी शिजून करपली असती तरी आलं नसतं. तिने पाइप रस्त्याच्या कडेला उतरवून घेतले आणि निघून गेली. थोड्याच दिवसांत तिची खरोखर बदली झाली.

पाइप तिथेच पडून राहिले, जिथे पुरायला हवे होते त्याच्या शेजारी. बकऱ्या उन्हात आत जाऊन बसायच्या, पोरं लपंडाव खेळायची. काकूने एकदा विचारलं, "अहो, हे असेच पडून राहणार का?"

"राहू देत. खायला मागतात का?"

त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. भरावाला टेकून थोडं पाणी साचलं आणि जिरून गेलं. मॅडम उगाच घाबरवत होती, असं गाव म्हणालं. सिमेंटचं मात्र पुन्हा राहिलं. रस्ता आलाय, आता घाई काय, असं काकाला वाटायला लागलं होतं. पुढच्या वर्षी पाऊस आला तो डोंगर धुऊन काढायलाच आल्यासारखा. काका त्या दिवशी लांबच्या कामावर होता. दुपारी काम बंद पडलं, तसा तो मिळेल त्या गाडीने फाट्यावर आला आणि रस्त्याने पळत सुटला. त्याला पळताना गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

रस्त्याच्या एका बाजूला शेतं होती तशीच होती. दुसऱ्या बाजूला तळं झालं होतं आणि त्या तळ्यात खालची गल्ली उभी होती. काकू दारात, पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत. "अहो, मागची भिंत फुगलीय," ती ओरडली. "काहीतरी करा!"

शिंपी कुदळ घेऊन रस्त्यावर आलाच होता. त्याने ती काकाच्या हातात दिली. "तू घाल पहिला घाव. तुझं काम आहे, तुला कोण अडवणार?"

अडवायला धाकटा आला. डोक्यावर पोतं घेऊन वरच्या गल्लीतून धावत आला होता, मागे आणखी चारजण. "दादा, हात लावू नकोस. आत्ता फोडलास तर पुन्हा कधी होणार नाही हा रस्ता. तुला माहीत आहे. माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत आहे."

"माझं घर चाललंय रे!"

"घर बांधू आपण. मी देतो बांधून. रस्ता कोण देणार?"

काकाने कुदळ उचलली. रस्ता पावसात धुऊन निघून काळाशार चमकत होता. एवढं पाणी छातीशी घेऊन उभा होता आणि कुठे साधी भेग नव्हती. त्याने जन्मात केलेलं सगळ्यांत चांगलं काम त्याच्या पायाखाली होतं. कुदळ तशीच वर राहिली, मग सावकाश खाली आली आणि त्याने ती बाजूला टेकवली.

"थांबू या थोडं," तो म्हणाला. "पाऊस कमी होतोय."

पाऊस कमी होत नव्हता. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते दिसत होतं, त्यालाही. शिंप्याने त्याला आईवरून शिवी दिली, कुदळ हिसकावून घेतली आणि घाव घातला. कुदळ उसळून परत आली. त्याने दुसरा घातला, तिसरा घातला, गल्लीतली आणखी माणसं पहारी घेऊन आली. डांबराचे टवके उडाले, खाली खडी लागली, तीही एकमेकींना धरून बसलेली.

"काय दाबलंयस रे हे!" शिंपी ओरडला. तो रडत होता. "काय दाबलंयस!"

उभ्या जन्मात काकाच्या कामाचं एवढं मनापासून कौतुक कुणी केलं नव्हतं.

बायकांनी काकूला हाताला धरून पाण्यातून बाहेर काढलं. तिने एक गाठोडं आणलं होतं, ते मांडीवर घेऊन ती रस्त्याच्या कडेच्या एका पाइपावर बसली. तिथून घर समोरच दिसायचं. आधी मागची भिंत गेली, ती आतल्या बाजूला गेली, मग छप्पर खाली बसलं. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. मातीच ती, पाण्यात मिसळून गेली. शेजारी शिंप्याचं घर मशीनसकट गेलं. बाकीची संध्याकाळपर्यंत गेली. माणसं वाचली, हे पुस्तिकेत छापण्यासारखं.

काका तिच्याजवळ येऊन उभा राहिला. तिने वर पाहिलं नाही.

"रस्ता शाबूत आहे ना?" तिने विचारलं.

दोघं धाकट्याच्या घरामागे राहायला गेली. दुधाचे रिकामे कॅन ठेवायची खोली होती, त्यातले कॅन एका बाजूला सरकवून जागा केली. आंबट वास भिंतीतून जात नव्हता. धाकटा वाईट नव्हता, घर बांधून द्यायचं म्हणायचा. काका म्हणायचा तसंच म्हणायचा, हा पावसाळा जाऊ दे. शिंपी बायकोमुलांना घेऊन जिल्ह्याबाहेर गेला, दगडांच्या आणि कौलांच्या पाठोपाठ. जाताना काकाचा निरोप घेतला नाही. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेवर पुलाऐवजी या रस्त्याचा फोटो होता. एका बाजूला पाणीच पाणी, मधून काळा रस्ता, खाली ओळ: महापुरातही भक्कम उभा. कचेरीतल्या साहेबांनी काकाला बोलावून हात मिळवला. त्याने पुस्तिका घरी आणली. काकूने ती बघितली, पानं उलटली आणि कॅनखाली ओल आली होती तिथे पसरली.

पाणी ओसरल्यावर खात्याला जाग आली. चौकशी झाली, नवा साहेब आला, आणि मशीन लावून रस्ता आडवा फोडला. या वेळी अडवायला कुणी आलं नाही. टँकर कडेने काढून दिलेल्या वाटेने येत-जात राहिला, एक दिवसही चुकला नाही. कडेला पडलेले पाइप उचलले, आतल्या बकऱ्या हाकलल्या आणि ते जागेवर बसवले. वर खडी आली. दाबायला काका आला, दुसरं कोण येणार?

दुपारी काकू डबा घेऊन आली. उभ्या नोकरीत ती कधी कामावर आली नव्हती. रस्त्याच्या कडेला बसून तिने खालच्या गल्लीकडे पाहिलं. तिथे आता नुसता सपाट गाळ होता. पाइपातून नाल्याचं पाणी त्या बाजूने येऊन या बाजूला खळखळ जात होतं. त्याला अडवायला काही नव्हतं आणि त्याच्या वाटेत कुणाचं काही नव्हतं.

काकाने ठरलेल्या फेऱ्या मारल्या. मग सवयीने रोलर मागे घेतला, आणखी एक फेरी मारायला.

"अहो," ती म्हणाली.

त्याने लगेच इंजिन बंद केलं.

"जरा हलकं दाबा," काकू म्हणाली. "पुन्हा कधी फोडायची वेळ आली तर फोडता यायला हवा. आपल्याला नाही. दुसऱ्या कुणाला."